मागचं अंगण आणि जुना बाजार

संस्थेचा इतिहास लिहा, असं स्मरणिका समितीने मला सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. कन्व्हेयन्स, बोअरवेल, लिफ्ट, पाण्याच्या टाकीची गळती हे सगळं सेक्रेटरीसाहेबांनी त्यांच्या लेखात तारीखवार घेतलेलं आहे. त्यात मी आणखी काय भर घालणार? मग मी मागचं अंगण मागून घेतलं. बी विंगच्या पाठीमागची ती जागा, जिला आपली मुलं 'जात्याची बाग' म्हणतात. ती कशी झाली हे आता दोघा-तिघांनाच ठाऊक आहे, आणि त्यातला मी एक.

१९९९ साली आपण राहायला आलो तेव्हा तिथे बाग नव्हती. बिल्डरच्या माहितीपत्रकात हिरवळ आणि कारंजं होतं. प्रत्यक्षात होता तो राडारोडा, फुटक्या टाइल्स, सिमेंटची रिकामी पोती आणि एक पाय मोडलेली घोडी. बत्तीस फ्लॅट, त्यातले सात अजून न विकलेले आणि संस्थेच्या खात्यात जेमतेम वीज बिलापुरते पैसे. मी खजिनदार होतो. बाग करून देणाऱ्या एका ठेकेदाराचं कोटेशन आलं, ते वाचून मी घडी घालून फाइलमध्ये ठेवून दिलं. पुढची दोन वर्षं त्या जागेत फक्त घाणेरी वाढली.

२००१ च्या वार्षिक सभेत सी विंगमधले ड्रॉइंगचे निवृत्त शिक्षक उठले. आम्ही सगळे त्यांना सरच म्हणायचो. ते म्हणाले, "मला वर्षाला दोन हजार द्या आणि महिन्यातून एकदा टेम्पो द्या. मी जुन्या बाजारातून सामान आणतो." लोक हसले. मी मात्र हसलो नाही, मला व्हाउचर दिसत होतं. जुन्या बाजारात पावती कोण देणार? ऑडिटरला काय दाखवणार? शेवटी ठरलं असं की खजिनदाराने बरोबर जायचं, पैसे आपल्या हाताने द्यायचे आणि व्हाउचरवर विक्रेत्याची सही किंवा अंगठा घ्यायचा. त्या अंगठ्यांची फाइल अजून माझ्याकडे आहे.

पुण्याचा जुना बाजार मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरतो, हे पुणेकरांना सांगायला नको. मी बँकेत असल्यामुळे माझ्या वाट्याला रविवारच. पहिल्या रविवारी आम्ही आणलं ते असं: एक जातं, दोन पाटे (वरवंटे वेगळ्या माणसाकडून, कारण पाटा-वरवंट्याची जोडी तिथे सहसा एकत्र मिळत नाही), एक दगडी उखळ, चीर गेलेला रांजण आणि सायकलच्या चार रिमा. सर घासाघीस अजिबात करत नसत. ती मी करायचो. विक्रेता म्हणायचा, "साहेब, दगडाचे काय पैसे कमी करता?" आणि सर लगेच म्हणायचे, "बरोबर आहे त्याचं."

आता थोडा इतिहास. या वस्तू तिथे आल्या कुठून?

माझं लहानपण कसबा पेठेतल्या एका वाड्यात गेलं, दोन खोल्या आणि सामायिक मोरी. त्या वाड्यात पाच बिऱ्हाडं होती आणि पाच जाती. पण मला कळू लागलं तेव्हा त्यातलं एकच चालू होतं, तेही भाजणीपुरतं आणि मेतकुटापुरतं. बाकीचं काम कोपऱ्यावरच्या गिरणीने केव्हाच घेतलं होतं. पाट्या-जात्याला टाकी लावणाऱ्या बायका मात्र ओरडत यायच्या. दगड गुळगुळीत झाला की धान्य नुसतं फिरतं, दळलं जात नाही, म्हणून छिन्नी-हातोडीने त्याला पुन्हा खरबरीत करायचं, ते टाकी लावणं. घरोघरी मिक्सर आले आणि त्या बायका यायच्या बंद झाल्या. टाकी थांबली की जातं मुकं होतं. ज्या ओव्या त्यावर म्हटल्या जात, त्या गोळा करण्याचं काम पुण्यातल्याच हेमा राईरकर आणि गी पॉयट्व्हँ यांनी गावोगाव हिंडून केलं. एक लाखाहून जास्त ओव्या त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जमवल्या. ओव्यांना असे लोक भेटले. दगडांना कोण भेटणार?

जाती बंद पडली तरी वाडे होते तोवर ती कोपऱ्यात पडून राहिली. वाड्यात कोपऱ्यांना तोटा नसतो. मग वाडेच जाऊ लागले. १९६१ च्या १२ जुलैला पानशेतचं पाणी आलं, त्यात नदीकाठचे शेकडो वाडे गेले. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. पाणी ओसरल्यावर चिखलातून भांडी उपसणारी माणसं मला अजून दिसतात. पुरातून वाचले ते भाडे नियंत्रण कायद्याने हळूहळू खाल्ले. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठली, पाच-दहा रुपये भाड्यात मालक कौलं तरी कशी बदलणार? भाडेकरू म्हणायचा मालकाने करावं, मालक म्हणायचा राहतोस तू. दोघांचंही खरं होतं. (मी भाडेकरूच्या बाजूने वाढलो आणि पुढे बँकेत मालकांची कर्जप्रकरणं पाहिली, म्हणून म्हणतो.) वाडा गळत राहायचा आणि एक दिवस बिल्डर यायचा. सागवानी तुळया, खण, दारं लाकूडवाले नेत, घडीव दगड दुसरा कुणी, आणि राहिलेलं किडूकमिडूक भंगारवाल्याच्या हातगाडीवरून जुन्या बाजारात.

आमचा वाडाही असाच १९९९ मध्ये गेला आणि आम्ही इथे आलो. तेव्हाची एक गोष्ट मी आजवर संस्थेत कुणाला सांगितलेली नाही.

आमच्याकडे तांब्याचा बंब होता. तांबट आळीतून घेतलेला, मठारकाम केलेला, म्हणजे हातोडीचे बारीक ठोके अंगभर असलेला. तो ठोका नुसता शोभेचा नसतो, त्याने पत्रा कठीण होतो. तोटीच्या वर आईचं माहेरचं नाव आणि १९४६ साल घातलेलं होतं. तिच्या वडिलांनी लग्नात दिलेला. नव्या फ्लॅटमध्ये गीझर होता. धुरांड्याचा बंब कुठे पेटवणार? सामान हलवण्याच्या गडबडीत आई आठ दिवस मावशीकडे साताऱ्याला गेली होती. मी तो वजनावर देऊन टाकला. जातं तर वाड्यातच सोडलं. आई परत आली, घरभर फिरली आणि म्हणाली, "बंब कुठं ठेवलास रे?" मी सांगितलं. "किती आले?" म्हणाली. सातशे वीस रुपये आले होते. "बरं," एवढंच म्हणाली, आणि त्यानंतर तो विषय तिने कधीच काढला नाही.

तेव्हा व्हाउचरसाठी म्हणून मी सरांबरोबर जायचो हे खरं, पण सगळं खरं नाही. जुन्या बाजारात तांब्या-पितळेचं भांडं दिसलं की मी ते उचलून नाव बघायचो. आपल्याकडे भांड्यांवर नावं घालायची पद्धत असल्यामुळे तो बाजार म्हणजे एक प्रकारचं लग्नाचं रजिस्टरच आहे. सप्रेम भेट, अमुक यांजकडून, साल, कधी गावाचं नाव. सरांनी एकदा विचारलं, "खजिनदारसाहेब, कुणाला शोधताय?" मी म्हटलं, पितळ खरं आहे का बघतोय.

बाग कशी लावली ते थोडक्यात. जात्याची खालची तळी जमिनीत पक्की बसवली, वरची तिच्यावर, खुंट्यासकट. उखळात आधी पाणी आणि कमळ ठेवलं होतं. महापालिकेच्या आरोग्य कर्मचाऱ्यांनी डासांच्या अळ्या दाखवल्यावर ते काढलं, वाळू-माती भरली आणि ओवा लावला. उखळाला तळाशी भोक नसतं, म्हणून कुंडी करायची तर पाणी मुरायला खाली चांगली वीतभर खडी घालावी लागते. हे आम्हाला दोन रोपं कुजवून कळलं. रांजणाची चीर बाहेरून सिमेंटने न भरता तशीच ठेवली, तिच्यातून ऑफिसटाइम बाहेर आलं ते आजही आहे. सायकलच्या रिमांना रेड ऑक्साइड मारून त्यांच्यावर गोकर्ण चढवला. बैलगाडीचं चाक मात्र फसलं. महाग घेतलं होतं, दोन पावसाळ्यांत वाळवीने आतून पोखरलं. त्या वर्षी सभेत माझ्यावर बरंच तोंडसुख घेतलं गेलं. पितळी घंगाळ दोनदा आणलं, दोनदा चोरीला गेलं. तेव्हापासून बागेत धातू नाही. आणि जुना कमोड आणून त्यात झेंडू लावू या, ही एका सभासदाची सूचना एकमताने फेटाळली, याची नोंद इतिवृत्तात आहे.

काही जण म्हणायचे, भंगार आणून ठेवलंय. त्यांना मी दोन माणसं सांगायचो. एक, आपल्या पुण्याचे दिनकर केळकर. अडकित्ते, दिवे, वज्री, दरवाजे असल्या घरोघरच्या वस्तू त्यांनी आयुष्यभर जमवल्या आणि १९७५ मध्ये तो सगळा संग्रह, अकाली गेलेल्या मुलाच्या नावासह, राज्य सरकारच्या हवाली केला. दुसरे चंदीगडचे नेकचंद. १९८८ साली एलटीसी घेऊन आम्ही तिकडे गेलो होतो, तेव्हा रॉक गार्डन पाहिलं. फाळणीत गाव पाकिस्तानात गेलेला हा माणूस, सार्वजनिक बांधकाम खात्यात रोड इन्स्पेक्टर. नवं शहर वसवण्यासाठी पाडलेल्या खेड्यांमधला ढिगारा, फुटक्या बांगड्या, कपबशा, टाइल्स हे सगळं सायकलवरून आणून त्याने १९५७-५८ पासून जंगलाच्या राखीव जागेत गुपचूप माणसं आणि प्राणी उभे केले. अठराएक वर्षं कुणाला पत्ता नाही! सापडलं तेव्हा ते सरळसरळ बेकायदा बांधकाम होतं. बँकेत असता तर चार्जशीट मिळालं असतं. तिथल्या प्रशासनाने १९७६ मध्ये ते लोकांना खुलं केलं, त्याला पगार आणि मजूर दिले, आणि १९८४ मध्ये पद्मश्री मिळाली. फुटक्या बांगड्यांची ती ओळीने उभी माणसं बघताना माझी बायको म्हणाली होती, "ह्या बांगड्या कुणाच्या तरी हातात होत्या." तेव्हा मी फोटो काढण्यात गुंग होतो.

बाग झाल्यावर आई संध्याकाळी खाली येऊन बसायची. एकदा बी विंगमधल्या मुली जातं फिरवायला धडपडत होत्या, खुंटा एकटीला ओढवत नव्हता. आई उठली, समोर एक पाय लांब करून बसली, एका मुलीला समोर बसवलं आणि दोघींनी खुंटा धरून दोन वेढे दिले. मोकळंच जातं ते, नुसता दगडाचा आवाज. मग तिने तळीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "टाकी लावलेली नाही." २००८ मध्ये ती गेली.

आता जे सांगायचं ते अवघड आहे. २०१३ च्या सभेत मागच्या अंगणात फरशी टाकून सात गाड्यांची जागा करायचा ठराव आला. आपण आलो तेव्हा पाच मोटारी होत्या, तोवर सत्तावीस झाल्या होत्या. मीही निवृत्तीनंतर एक घेतली होती आणि ती रस्त्यावर लागायची. सर विरोधात बोलले, फार वेळ बोलले, त्यांना थांबवावं लागलं. मतदान झालं, हात वर करून. मी पार्किंगच्या बाजूने हात वर केला. अखेर तडजोड झाली: अर्धी जागा चार गाड्यांना, अर्धी बागेला. चारपैकी एक जागा चिठ्ठीत मलाच आली. सर मला काही बोलले नाहीत. पण त्यानंतर ते रविवारी माझ्याबरोबर आले नाहीत, आणि मीही बोलवायला गेलो नाही. जातं हलवायला चार माणसं लागली. ते नव्या जागी बसवताना सर स्वतः खाली आले, ओळंबा लावून समतल करून गेले. २०१७ मध्ये तेही गेले. रिमांवरच्या गोकर्णाची आजची वेल त्यांनी लावलेल्या वेलीच्याच बियांची आहे.

गाडी मी गेल्या वर्षी विकली. जागा संस्थेला परत दिली आहे, तसं पत्र कमिटीकडे आहे. त्या जागेवर फरशी काढून काय करायचं याचा विचार चालू आहे. माझ्या मनात दोन पाटे आणि एक दगडी डोणी बसवायचं आहे. डोणी बघून ठेवली आहे, विक्रेता बाराशे सांगतोय, हजाराला देईल.

भांडी मी अजून उलटीसुलटी करून बघतो. सवय लागली. ते नाव मिळालेलं नाही, बंब बहुधा त्याच महिन्यात वितळवला गेला असणार.

सभासदांना एक विनंती. दिवाळीच्या साफसफाईत पाटा, खल, जुनी समई, नाव घातलेलं भांडं असं काही निघालं तर हातगाडीवाल्याला देण्याआधी ए विंगला माझी बेल वाजवा, आणि घरातल्या मोठ्या माणसांना आधी विचारा. डोणी येत्या रविवारी आणायची आहे. टेम्पो सांगितला आहे, उचलायला दोन तरुण हवेत. सकाळी साडेसातला गेटपाशी. व्हाउचर मी भरून ठेवतो.