युद्धखेळ, प्राचीन साम्राज्यांचे

प्राचीन साम्राज्यांचा उदय, विस्तार व परस्परसंघर्ष हा विषय घेऊन नकाशाच्या पटावर सोंगट्यांच्या साहाय्याने खेळावयाचे खेळ. यांतील सुटसुटीत नियमांचे पटखेळ दोन प्रकारे उपयोगात आणले जातात. एक म्हणजे स्वतंत्र खेळ म्हणून आणि दुसरा म्हणजे शिशाच्या किंवा प्लॅस्टिकच्या छोट्या सैनिकांनी टेबलावर लढविल्या जाणाऱ्या सुट्या लढाया एका सूत्रात ओवणारी मोहीम-पद्धती म्हणून. या दुसऱ्या प्रकारात लढाई कोठे, केव्हा, किती सैन्यानिशी व कशासाठी होणार हे पटावर ठरते; ती प्रत्यक्ष कशी लढली जाते हे टेबलावर दिसते आणि तिचा निकाल पुन्हा पटावर नोंदविला जातो.

सुटी लढाई आणि मोहीम यांतील भेद केवळ खेळापुरता नाही. इ. स. पू. २१६ मध्ये हॅनिबलने कॅनी येथे संख्येने मोठ्या रोमन सैन्याला वेढून त्याचा जवळजवळ संपूर्ण संहार केला. लिव्हीच्या मते सु. ४८,००० व पॉलिबिअसच्या मते सु. ७०,००० सैनिक तेथे कामी आले. लढाई म्हणून कॅनी निर्दोष होती. तथापि ज्या युद्धाचा ती भाग होती, ते युद्ध कार्थेज हरले. जर्मन सैन्याचा प्रमुख आल्फ्रेट फोन श्लीफेन (१८९१ ते १९०६ या काळात पदावर) याने निवृत्तीनंतर कॅनीवर लेखमाला लिहिली व वेढ्याची ती लढाई सेनाधिकाऱ्यांपुढे आदर्श म्हणून ठेवली. रोमपाशी पुढची सैन्ये कोठून आली, हा प्रश्न त्या आदर्शात गौण ठरला. टेबलावरील सैनिकांनी कॅनी कितीही वेळा खेळली, तरी या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. ते पटावर मिळते.

इतिहास : युद्धाचे पटावरील रूपांतर अतिप्राचीन आहे. भारतीय चतुरंगात हत्ती, घोडा, रथ व पायदळ ही सेनेची चार अंगेच मोहरी झाली. आधुनिक युद्धखेळाची परंपरा मात्र जर्मनीत सुरू होते. ब्रन्सविक येथील योहान हेल्विग याने १७८० मध्ये बुद्धिबळाच्या पटाचा विस्तार करून घरांना भूप्रदेशानुसार वेगवेगळे रंग दिले. प्रशियातील रायस्विट्स पितापुत्रांनी घरांची चौकट सोडून दिली. मुलाने, म्हणजे तोफखान्यातील एका तरुण लेफ्टनंटने, १८२४ मध्ये प्रसिद्ध केलेला खेळ खऱ्या लष्करी नकाशावर पंचाच्या देखरेखीखाली खेळला जाई. सेनाप्रमुख फोन म्यूफ्लिंग याने तो पाहून सर्व पलटणींत त्याची शिफारस केली. येथून हा खेळ लष्करी शिक्षणाचे साधन बनला.

नागरी जीवनात त्याला प्रतिष्ठा मिळाली ती इंग्रज कादंबरीकार एच्. जी. वेल्स याच्या १९१३ च्या ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकामुळे. खेळण्यातील सैनिक व स्प्रिंगची तोफ घेऊन दिवाणखान्याच्या जमिनीवर लढण्याचे नियम त्यात आहेत. अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्‌स याने १९५४ मध्ये ‘टॅक्टिक्स’ हा पटखेळ काढला व १९५८ मध्ये ‘ॲव्हलॉन हिल’ ही कंपनी स्थापन केली. षट्कोणी घरांचे नकाशे व पुठ्ठ्याच्या चौकोनी सोंगट्या ही या पटखेळांची ओळख ठरली. ब्रिटनमध्ये सैनिक-बाहुल्यांची परंपरा अधिक बळकट राहिली. डॉनल्ड फेदरस्टोनच्या ‘वॉर गेम्स’ (१९६२) या पुस्तकाने तिला वाचकवर्ग मिळवून दिला, तर टोनी बाथ याच्या पुढाकाराने १९६५ मध्ये प्राचीन युद्धांच्या खेळाडूंची ‘सोसायटी ऑफ एन्शंट्स’ ही संस्था निघाली.

मोहिमेचा विचार खऱ्या अर्थाने रुजविला तो बाथनेच. रॉबर्ट हॉवर्डच्या कथांतील हायबोरिया या काल्पनिक जगाच्या नकाशावर त्याने अनेक वर्षे एक मोहीम चालविली. तीत राजे, त्यांचे स्वभाव, विवाहसंबंध, खजिना व बंडे या सर्वांना स्थान होते. त्याचे ‘सेटिंग अप अ वॉरगेम्स कँपेन’ हे पुस्तक १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र बाथची पद्धती अनुकरणास सोपी नव्हती. प्रत्येक तुकडीची रसद, प्रत्येक प्रांताचा महसूल व प्रत्येक दूताचा प्रवास वहीत टिपावयाचा, तर खेळापेक्षा कारकुनीच अधिक होते. अशा बहुतेक मोहिमा पराभवाने नव्हे, तर हिशेबाच्या कंटाळ्याने संपतात. साध्या पटखेळाकडे खेळाडू वळले ते याच कारणाने : ज्या खेळाचे नियम आधीच तपासून घेतलेले आहेत व ज्याचा हिशेब पटावरील सोंगट्या स्वतःच ठेवतात, त्यावर मोहीम उभी केली, तर वही मिटवून ठेवता येते.

पद्धती : व्यवहारात ही सांगड पुढीलप्रमाणे घातली जाते. पटावर समोरासमोर आलेल्या सोंगट्यांचा निकाल मूळ खेळात फाशांनी किंवा साध्या वजाबाकीने लागतो. त्याऐवजी प्रत्येक सोंगटीमागे टेबलावर ठराविक तुकड्या मांडून लढाई खेळली जाते. लढाईत पडलेले सर्व सैनिक मृत धरले जात नाहीत, कारण त्यांत जखमी व पळालेलेही असतात. ज्याच्या ताब्यात रणभूमी राहते त्याला आपल्या हानीपैकी मोठा भाग परत मिळतो. पराभूताला थोडा मिळतो, आणि त्याचा पाठलाग झाला असेल तर काहीच मिळत नाही. या एका नियमाने खेळाडूची वृत्ती पालटते. सुट्या लढाईत शेवटच्या तुकडीपर्यंत झुंजणारा सेनापती मोहिमेत वेळीच माघार घेतो. पिऱ्हसने इ. स. पू. २८० व २७९ मध्ये रोमनांवर मिळविलेले महागडे विजय हे पराभवाच्या जवळचे का होते, हे पटावर कुमकेच्या सोंगट्या मोजताना सहज उमगते.

रोमचेच उदाहरण पुढे नेता येईल. इ. स. पू. २२५ मध्ये रोम व त्याच्या इटलीतील मित्रराष्ट्रांपाशी शस्त्र धरू शकणारे सात लाखांवर पायदळ व सत्तर हजार घोडदळ होते, असे पॉलिबिअस नमूद करतो. हा आकडा पटावर उतरविण्यास गुंतागुंतीचे कोष्टक लागत नाही. इटलीतील प्रत्येक प्रदेश दरवर्षी एक सोंगटी देतो, एवढा नियम पुरेसा होतो. मग हॅनिबलच्या खेळाडूला कॅनीसारखा विजय मिळूनही पुढच्या वर्षी समोर नवी फळी दिसते. कॅनीनंतर चार वर्षांनी रोमने सु. पंचवीस लीजन उभे केले होते. याउलट हॅनिबलला कुमक हवी असेल, तर ती स्पेनमधून किंवा समुद्रमार्गे आणावी लागते. म्हणून तो रोमच्या मित्रांना फोडू पाहतो व फेबिअसचा खेळाडू मोकळ्या मैदानात लढाईच देत नाही. असे वर्षानुवर्षे लढाई टाळणे सुट्या खेळात कोणी सहन करणार नाही. मोहिमेत तोच उत्तम डाव ठरतो.

येथे एक व्यावहारिक अडचण उद्‌भवते. चांगला रणनीतिज्ञ तिप्पट सैन्य जमवूनच हल्ला करतो आणि तशी लढाई टेबलावर खेळण्यात कोणालाच रस नसतो. यावर उपाय असा, की एकतर्फी लढायांचा निकाल पटाच्या मूळ नियमांनीच लावावा आणि चुरशीच्या तेवढ्याच टेबलावर घ्याव्यात. फिल बार्कर व त्याच्या सहकाऱ्यांच्या ‘डी बेलिस अँटिक्विटाटिस’ (१९९०) या नियमावलीने हा प्रश्न दुसऱ्या टोकाकडून सोडविला. तीत प्रत्येक सैन्य अवघ्या बारा तुकड्यांचे असते, चार तुकड्या गमावणारा सामान्यतः हरतो आणि लढाई तासाभरात संपते. लढाईच इतकी आटोपशीर झाल्याने एका संध्याकाळी मोहिमेची बरीच वर्षे उलटू शकतात.

साम्राज्याची कल्पना प्रत्येक पटखेळ निराळ्या रीतीने करतो. फ्रान्सिस ट्रेशॅमच्या ‘सिव्हिलिझेशन’ (१९८०) या खेळात फासे नाहीत. त्यातील एकाच सोंगटीची एक बाजू लोकसंख्या व दुसरी बाजू खजिना दर्शविते. कर वाढला की पटावरील माणसे कमी होतात आणि कर देता न आल्यास शहरे बंड करतात. राज्याचा पैसा शेवटी माणसांतून येतो, हे इतक्या थोडक्यात दुसऱ्या कोणत्याही खेळाने दाखविलेले नाही. लॅरी हॅरिसचा ‘काँक्वेस्ट ऑफ द एम्पायर’ (१९८४) रोमन साम्राज्याच्या गादीसाठी झगडणाऱ्या सीझरांचा आहे. त्याच्या सुबक सोंगट्यांमुळे सैनिक-बाहुल्यांच्या खेळाडूंना तो विशेष आवडला. त्यात गोफणयंत्रांना दिलेले महत्त्व मात्र वाजवीपेक्षा फार अधिक आहे. लुइस पल्सिफरच्या ‘ब्रिटॅनिया’ने (१९८६) व रॅग्नर ब्रदर्सच्या ‘हिस्टरी ऑफ द वर्ल्ड’ने (१९९१) आणखी वेगळी वाट धरली. या खेळांत खेळाडूचे एकच साम्राज्य नसते. काळ सरकतो तशी त्याच्याकडे एकामागून एक नवी राष्ट्रे येतात. ‘हिस्टरी ऑफ द वर्ल्ड’मध्ये मौर्य व गुप्त साम्राज्येही अशीच येतात आणि ओसरतात. यामुळे पहिल्याच वर्षी पुढे गेलेला खेळाडू अखेरपर्यंत पुढे, हा मोहिमांतील नेहमीचा दोष टळतो.

चारपाच खेळाडू पटाभोवती बसले, की लढाईइतकेच महत्त्व मैत्रीला येते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील द्वादशराजमंडलाची आठवण अशा वेळी अपरिहार्य आहे. विजिगीषूचा शेजारी तो अरी, त्याच्या पलीकडचा तो मित्र, पाठीमागून टाच धरणारा तो पार्ष्णिग्राह आणि त्याच्याही मागचा तो आक्रंद, ही मांडणी जणू पटावरील घरे पाहूनच केलेली वाटते. तिचे एक खरे उदाहरण अलेक्झांडरच्या वारसांच्या युद्धांत आढळते. सेल्यूकसने चंद्रगुप्त मौर्याशी तह करून हिंदुकुशाच्या दक्षिणेकडील प्रांत सोडले व मोबदल्यात पाचशे हत्ती घेतले. नकाशा पाहणाऱ्याला हा सेल्यूकसचा तोटाच वाटेल. परंतु त्याची पूर्वेकडील पिछाडी निर्धास्त झाली आणि इ. स. पू. ३०१ मध्ये इप्सस येथे त्याच हत्तींनी, पाठलागावर दूर गेलेल्या डीमीट्रिअसच्या घोडदळाची परतीची वाट अडविली. डीमीट्रिअसचा पिता वृद्ध अँटिगोनस तेथे मारला गेला. इप्ससची लढाई टेबलावर मांडणाऱ्याला हत्ती आयतेच मिळतात. मोहीम खेळणाऱ्याला त्यांची किंमत प्रांतांत मोजावी लागते.

साध्या पटाच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. पटावर प्रदेशांच्या सीमा ठसठशीत असतात. प्राचीन साम्राज्यांच्या तशा नव्हत्या. साम्राज्य हे मार्ग, शहरे, छावण्या आणि खंडणी देण्यास राजी असलेले स्थानिक राजे यांचे जाळे असे. पटावर इराणचे साम्राज्य जिंकायचे तर एकेक घर घेत जावे लागते, प्रत्यक्षात इ. स. पू. ३३१ मध्ये गॉगामीला येथे दरायसचा पराभव होताच बॅबिलन व सूसा या राजधान्यांनी अलेक्झांडरला आपण होऊन दारे उघडली. म्हणून राजधानी किंवा राजा हाती आल्यास भोवतालच्या प्रांतांनी पक्ष बदलावा, असा पुरवणी नियम अनुभवी खेळाडू घालतात. जिंकलेल्या लोकांचे पुढे काय होते, याची नोंद मात्र जवळजवळ कोणताच पट ठेवत नाही. कॅनीनंतर हॅनिबलला मिळालेले काप्युआ हे शहर इ. स. पू. २११ मध्ये रोमनांनी परत घेतले, तेव्हा तेथील अनेक सरदारांना मृत्युदंड मिळाला व शहराची स्वायत्तता गेली. पटावर तेथे फक्त सोंगटीचा रंग बदलतो.

सर्वांत मोठी उणीव माहितीसंबंधीची आहे. पटावर सर्व सोंगट्या सर्वांना दिसतात. फेदरस्टोनच्या काळातील खेळाडूंनी यावर काड्यापेट्यांची युक्ती योजली : नकाशाच्या प्रत्येक चौकोनासाठी एक पेटी घेऊन त्या एकमेकींना चिकटवावयाच्या व सैन्याची चिठ्ठी त्या त्या पेटीच्या खणात टाकावयाची, दोन्ही पक्षांच्या चिठ्ठ्या एकाच खणात निघाल्या तरच गाठ पडली असे पंच जाहीर करतो. इ. स. पू. २०७ मध्ये आल्प्स ओलांडून इटलीत उतरलेल्या हॅसड्रबलचे आपल्या भावाला पाठविलेले पत्र रोमनांच्या हाती पडले. हॅनिबलसमोर तळ देऊन असलेला कॉन्सल क्लॉडिअस नीरो निवडक सैन्य घेऊन गुपचूप उत्तरेस गेला, मेटॉरस नदीकाठी दुसऱ्या रोमन सैन्याला मिळाला आणि हॅसड्रबलचा पराभव करून परतलाही. त्याची छावणी अर्धी रिकामी असल्याचे हॅनिबलला कळले नव्हते. भावाचे शिर आपल्या चौक्यांपुढे येऊन पडले, तेव्हा त्याला ती बातमी समजली. उघड्या पटावर ही चाल खेळताच येत नाही. तिला पंच व बंद खण लागतात.