बहमनी राज्यात येणाऱ्या परदेशी व्यापाऱ्याने काय करावे? अफनासी निकितिनचा सल्ला (थ्रेड)

१/ परदेशात जाण्यापूर्वी तेथील रीतिरिवाज जाणून घ्यावेत, असे आज प्रत्येक प्रवाशाला सांगितले जाते. साडेपाचशे वर्षांपूर्वी बहमनी सल्तनतीत येऊ पाहणाऱ्या ख्रिस्ती व्यापाऱ्यांसाठी एका रशियनाने असाच सल्ला लिहून ठेवला. त्यामागे जुन्नरमधला एक कठीण प्रसंग होता.

२/ अफनासी निकितिन हा व्होल्गाकाठच्या त्वेर नगरातील व्यापारी. अस्त्राखानजवळ तातारांनी त्याला लुटले. मालाबरोबर धर्मग्रंथही गेले. इराणमार्गे तो होर्मुझला पोहोचला आणि एक घोडा घेऊन १४६९च्या सुमारास चौल बंदरात उतरला. वास्को द गामा कालिकतला आला तो १४९८ साली.

३/ घोडाच का? दख्खनमध्ये उत्तम घोड्यांची पैदास होत नसे आणि फौजेला ते सतत लागत. येथे घोड्यांना हरभरा आणि साखर-तेल घातलेली खिचडी चारतात, अशी नोंद निकितिनने केली आहे. चौलमध्ये गोरा माणूस पाहायला लोक त्याच्या मागे मागे चालत, हेही तो सांगतो.

४/ पालीवरून घाट चढून तो जुन्नरला आला, तेव्हा पावसाळा लागला होता. चिखलपाण्याच्या त्या चार महिन्यांना तो ‘हिवाळा’ म्हणतो! जुन्नरचा अंमलदार असद खान हा बहमनी वजीर महमूद गावानच्या हाताखालचा सरदार होता.

५/ हा व्यापारी मुसलमान नाही, हे कळताच असद खानाने घोडा काढून घेतला. धर्म स्वीकारल्यास घोडा परत आणि वर एक हजार सुवर्णनाणी. नाकारल्यास घोडाही गेला आणि हजार नाण्यांचा दंडही. मुदत चार दिवसांची.

६/ त्याच वेळी खुरासानचा एक मुसलमान व्यापारी, खोजा मुहम्मद, तेथे आला. त्याने खानाकडे रदबदली केली; धर्मांतर टळले आणि घोडाही परत मिळाला. संकट आणणारा आणि त्यातून सोडवणारा, दोघेही एकाच धर्माचे होते, हे विसरता येत नाही.

७/ या प्रसंगानंतर लगेच निकितिन आपल्या बांधवांना सांगतो, की हिंदुस्थानात जायचे असेल तर आपली श्रद्धा रशियातच ठेवावी आणि मुहम्मदाचे नाव घेऊन निघावे. व्यापाराबद्दलही तो स्पष्ट बोलतो. मिरी आणि रंग स्वस्त आहेत, पण रशियाला उपयोगी माल नाही. जकात जबर आणि समुद्रात चाचे पुष्कळ.

८/ स्वतः तो ‘खोजा युसूफ खुरासानी’ या नावाने वावरला. घोडा वर्षभर पोसून त्याने बिदरला विकला. शेख अलाउद्दीन यांच्या स्मरणार्थ अळंदला भरणाऱ्या दहा दिवसांच्या जत्रेत वीस हजार घोडे विक्रीला येतात, असे तो लिहितो. हे अळंद सोलापूरच्या भवानी पेठेपासून पूर्वेला, अक्कलकोटच्या पलीकडे, सरळ रेषेत सुमारे ७० किलोमीटरवर आहे.

९/ बिदरला मात्र त्याने स्वतःचाच सल्ला मोडला. ओळखीच्या हिंदूंना त्याने आपण ख्रिस्ती असल्याचे सांगितले. त्यानंतर त्यांनी जेवणखाण, व्यापार, पूजाअर्चा यांपैकी काहीच त्याच्यापासून लपवले नाही. घरातील स्त्रियांनाही पडद्याआड ठेवले नाही. त्यांच्याच सोबतीने तो ‘पर्वत’ या तीर्थाला, म्हणजे श्रीशैलला, गेला.

१०/ या मुखवट्याची किंमत मोठी होती. ग्रंथ नसल्याने सणांच्या तिथी कळेनात. ईस्टर त्याने अंदाजाने पाळला, उपवास मुसलमानांच्या रोज्यांबरोबर केले. त्याच्या वृत्तांताचा शेवट अरबी प्रार्थनेने होतो. त्याने खरोखर धर्म बदलला होता का, यावर अभ्यासकांत आजही मतभेद आहेत.

११/ दाभोळहून तो परतीला निघाला, पण घर गाठू शकला नाही. स्मोलेन्स्कपूर्वीच त्याला मृत्यू आला. त्याची वही १४७५ साली मॉस्कोला पोहोचली. ‘तीन समुद्रांपलीकडचा प्रवास’ या नावाने ती ओळखली जाते. चौलजवळ रेवदंड्याला त्याचा स्मृतिस्तंभ आहे.

१२/ थोडक्यात, निकितिनचा लिखित सल्ला अंमलदार आणि जकातनाका यांच्यापुरता होता, आणि तेथे तो भीतीतून आला होता. लोकांच्या घरांची दारे त्याला उघडली ती मात्र खरे नाव सांगितल्यावर. दख्खनच्या सामान्य जीवनाविषयी त्याने जे टिपले, त्यातील पुष्कळसे त्या उघड्या दारांतूनच आले आहे.