पायगाडीचा खटका आणि मापांची वंशावळ



पायगाडीची पोलादी चौकट नीट राखली तर शंभर वर्षें टिकते. चाकें, साखळी, बैठक हीं बदलतां येतात. परंतु हँडलवरचा बोटाएवढा एक खटका झिजला, कीं तीन गतींची ती डौलदार सायकल माळ्यावर जाते आणि पुढच्या आवराआवरींत भंगारवाल्याच्या हातीं पडते. वडिलांची किंवा आजोबांची अशी सायकल ज्यांच्या घरीं आहे, त्यांना हें सांगावयास नको. या खटक्याचा बदली भाग थोडक्या खर्चांत कोठें मिळेल, हा प्रश्न दिसावयास क्षुल्लक आहे. पण त्याचें उत्तर शोधूं लागलें म्हणजे नॉटिंगहॅम, बेळगांव, लुधियाना आणि रत्नागिरी अशा चार ठिकाणचा सव्वाशें वर्षांचा इतिहास चाळावा लागतो. तोच आज आपणांपुढें ठेवावयाचा आहे.

प्रथम या खटक्याचें कुल पाहूं. मागच्या चाकाच्या हबांतच गति बदलणारीं दंतचक्रें बसविण्याची कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंडांत आकारास आली. विल्यम रायली नांवाच्या कल्पक माणसानें तीन गतींचें हब तयार केलें. परंतु पूर्वींच्या एका करारानें त्याचे हात बांधलेले असल्यामुळें पेटंट जेम्स आर्चर या सहकाऱ्याच्या नांवें घेतलें गेलें. हेन्री स्टर्मी यानेंही स्वतंत्रपणें असेंच हब योजिलें होतें. रॅले कंपनीचे चालक फ्रँक बौडन यांनीं हे दोन प्रवाह एकत्र आणले व १९०३ च्या सुमारास स्टर्मी-आर्चर हब बाजारांत आलें. ज्याच्या डोक्यांतून तें निघालें त्या रायलीचें नांव मात्र मागेंच राहिलें.

या घराण्याचा सर्वांत यशस्वी पुत्र म्हणजे १९३६ सालचें ‘एडब्ल्यू’ हब. त्याच्या पोटांत मधल्या स्थिर चक्राभोंवतीं लहान चक्रें ग्रहांसारखीं फिरतात. मधली गति सरळ. खालची तिच्याहून एक चतुर्थांशानें कमी आणि वरची एक तृतीयांशानें अधिक. पूर्वीं गति बदलण्याचा दांडा चौकटीच्या आडव्या नळीवर असे. १९३८ सालीं तो हँडलवर आला आणि बोटानें दाबावयाचा खटका झाला. हें हब फारसा फरक न करतां कित्येक दशकें निघत राहिलें. त्याच्या कवचावर बहुधा निर्मितीचें वर्ष व महिना कोरलेला असतो. पण हबाचें वय कितीही असलें, तरी एका दशकांतील बरेचसे भाग दुसऱ्या दशकांतील हबास चालतात. स्वस्त दुरुस्तीचें पहिलें रहस्य येथेंच आहे. निर्मात्यानें माप बदललें नाहीं, म्हणून नातवाचा भाग आजोबाच्या अंगास बसतो.

आतां रत्नागिरीकडे वळूं. हें शहर बंदरापासून जांभ्या दगडाच्या सड्यापर्यंत चढत गेलेलें आहे. बाजारांत उतरतांना पायडल मारावें लागत नाहीं आणि परततांना सायकल हातीं धरून चालावें लागतें, असा येथील कित्येक रस्त्यांचा चढउतार. पुण्याच्या बऱ्याच सपाट रस्त्यांवर एका गतीची सायकल पुरेशी झाली. येथें खालची गति असली तर चढावर पायांवरचा भार चतुर्थांशानें हलका होतो. परंतु जी हवा हापुसाला मानवते, ती पोलादी तारेला मानवत नाहीं. खाऱ्या दमट वाऱ्यानें नळींतली तार गंजते; गंजली कीं खटका जड होतो; जड झाला कीं स्वार तो जोरानें ओढतो; आणि त्या ओढाताणींत दांत झिजतात. खटका झिजतो तो बहुधा तारेच्या दोषानें.

मग भाग आणावयाचा कोठून? कोंकण रेल्वे सबंध मार्गावर धावूं लागली ती १९९८ सालीं. त्यापूर्वीं कित्येक दशकें मुंबईचा माल आगबोटीनें येई आणि पावसाळ्यांत आगबोटी बंद असत. घाटावरून आणावयाचा, तर १८९१ पासून कोल्हापूरपर्यंत आगगाडी होती, पण पुढें आंबा घाट उतरावयाचा. अशा स्थितींत मृगाच्या तोंडावर मोडलेल्या स्प्रिंगेनें नारळीपौर्णिमेची वाट पाहावी, हें ओघानेंच आलें. ज्या गांवीं भाग लौकर पोंचत नाहीं, त्या गांवचा कारागीर भाग बदलण्याऐवजीं भाग सुधारावयास शिकतो.

सुधारण्याची ही विद्या कमी प्रतीची समजूं नये. बेळगांवांत १८८८ सालीं किर्लोस्कर बंधूंचा जो व्यवसाय सुरू झाला, तो सायकलींचा. लक्ष्मणराव व रामुअण्णा हे बंधु परदेशी सायकली विकीत, दुरुस्त करीत आणि चालवावयासही शिकवीत. दुसऱ्यानें बनविलेलें यंत्र खोलून पुन्हा जोडतां जोडतां हात तयार झाले. त्यांतूनच पुढें लोखंडी नांगर आला आणि १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली. पंजाबांतही असेंच घडलें. मुंजाल बंधूंनीं १९४० नंतरच्या काळांत सायकलीच्या सुट्या भागांचा व्यापार आरंभिला, फाळणीनंतर लुधियान्यास बस्तान बसविलें, आणि १९५६ सालीं तेथें हीरो सायकल्सचा कारखाना उभा केला. सुटा भाग हातांत घेणारा मनुष्य एक दिवस सबंध यंत्र घडवितो, अशी ही परंपरा आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास मुंबईंत वरळी येथें हिंद सायकल्सचा कारखाना निघाला. स्वातंत्र्यानंतर आसनसोलला सेन-रॅले आणि मद्रासजवळ अंबत्तूरला टी. आय. सायकल्स यांचे कारखाने आले. या सर्वांनीं एक गोष्ट इंग्रजांकडून जशीच्या तशी उचलली, ती म्हणजे मापें. इंचाला सव्वीस आट्यांचे स्क्रू आणि अठ्ठावीस इंची चाक हें इंग्रजी सायकलीचें माप आपल्या साध्या काळ्या सायकलींत कायम राहिलें. इंग्लंडांतील जुने कारखाने बंद पडत गेले, पण त्यांचीं मापें लुधियान्यांत जिवंत राहिलीं. म्हणूनच रॅले किंवा बी. एस. ए. च्या जुन्या सायकलीला लागणारे टायर, ब्रेकचे रबरी ठोकळे, छरे व कित्येक नट आजही आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानांत थोडक्या पैशांत मिळतात. युरोपांतील शौकिनाला यांतील कांहीं वस्तु मुद्दाम मागवाव्या लागतात.

या सुदैवाला एक अपवाद आहे, आणि तो नेमका आपला खटका. आपल्याकडील बहुतेक सायकली एकाच गतीच्या राहिल्यामुळें गति बदलणाऱ्या खटक्याला येथें वारस लाभला नाहीं. त्याचा वारस भलतीकडेच सांपडतो. २००० सालीं नॉटिंगहॅमचा स्टर्मी-आर्चर व्यवसाय अडचणींत येऊन विकला गेला. तैवानच्या सनरेस कंपनीनें तो घेतला आणि निर्मिति तैवानांत चालू ठेविली. तेथें निघणारा तीन गतींचा नवा खटका जुन्या एडब्ल्यू हबास चालतो. तो मागविणें हा सरळ मार्ग. पण जकात व टपालखर्च धरतां तो स्वस्त असेलच असें नाहीं. म्हणून त्यापूर्वीं करावयाचे उपाय क्रमानें सांगतों.

पहिला उपाय साफसफाईचा. पुष्कळ खटके झिजलेले नसतातच. जुनें तेल राळेसारखें घट्ट होऊन त्यांतील कुत्रा, म्हणजे दांतांत अडकणारा अडसर, जागीं चिकटलेला असतो. खटका रात्रभर रॉकेलांत बुडवून ठेवावा, कुंचल्यानें धुवावा आणि शिलाईयंत्राचें पातळ तेल द्यावें. खोबरेल किंवा गोडेतेल घालूं नये. तें कालांतरानें पुन्हा चिकट होतें. दुसरा उपाय तारेचा. तयार तार न मिळाल्यास मोटारसायकलीच्या क्लचच्या तारा बनविणाऱ्या कारागिराकडे जावें. खटक्याच्या खोबणींत बसेल अशी गुंडी तो तारेच्या टोंकाला डाख देऊन पक्की करून देतो. जुनी गुंडी नमुन्यादाखल जवळ असावी, म्हणून तुटलेली तार कधींही फेंकूं नये. तिसरा उपाय कानशीचा. कुत्र्याची धार गोल झाली असेल, तर बारीक कानशीनें ती पुन्हा चौकोनी करतां येते. फारच झिजली असेल, तर पितळेची झाळ भरून मग घासावी. चौथा उपाय शोधाचा. पुण्याचा बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजार आणि मुंबईचा चोरबाजार येथें मोडकी सायकल कधीं कधीं सुट्या खटक्याहून स्वस्त पडते. मात्र विकत घेण्यापूर्वीं हबावरचें नांव व सन पाहावा. एका कंपनीच्या खटक्याची ओढ दुसरीच्या हबाला जुळेलच असें नाहीं.

यांतील एकही उपाय साधला नाहीं, तर इतिहासच एक युक्ति सुचवितो. फ्रेंच व इटालियन सायकलींवर साखळी एका चक्रावरून दुसऱ्या चक्रावर सरकविणारा साधा दांडा असे. त्याला ठराविक खांचे नसत. चकत्यांच्या दाबानें तो ठेवाल तेथें थांबे, आणि झिजला तर स्क्रू किंचित् आवळला कीं काम भागे. १९८४ सालीं जपानच्या शिमानो कंपनीनें खांच्याखांच्यानें नेमकी गति देणारी पद्धति प्रचारांत आणली आणि सोय वाढली. पण त्याबरोबर प्रत्येक दांडा आपल्याच जोडीदाराशीं बांधला गेला. खांचे नसलेला जुना दांडा मात्र तीन गतींच्या हबालाही चालवून घेतां येतो. गति कोठें लागते हें बोटांनीं ओळखावें लागतें, एवढेंच.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. एडब्ल्यू हबांत दुसऱ्या व तिसऱ्या गतीच्या मध्यें एक पोकळ जागा असते. तेथें पायडल नुसतें फिरतें. झिजलेला खटका नेमका तेथें घसरला आणि स्वार पायडलवर उभा राहून जोर करीत असला, तर त्याचा तोल जाऊन पडण्याचा धोका असतो. म्हणून दुरुस्तीनंतर खटका दुसऱ्या गतीवर ठेवून उजवीकडच्या नटाच्या छिद्रांतून पाहावें. आंतील कांडीचा खांदा आंसाच्या टोंकाशीं बरोबर समतल दिसला, म्हणजेच तारेचा ताण बरोबर आहे. नसल्यास साखळीजवळची फिरकी थोडी थोडी फिरवून तो जुळवावा. या पाहणीस पैसाही लागत नाहीं, आणि हाडें मात्र शाबूत राहतात.

पुण्यांत कर्वेनगर येथें २०१७ पासून विक्रम पेंडसे सायकल संग्रहालय उभें आहे. जुन्या सायकली कशा होत्या हें तेथें डोळ्यांनीं पाहतां येतें. परंतु संग्रहालयांत सर्वच सायकली जाऊं शकत नाहींत, आणि जाऊंही नयेत. घरांतील सायकल घरांतच चालती राहावयाची, तर दोन गोष्टी जपाव्या लागतील. एक म्हणजे मापांची ओळख, आणि दुसरी म्हणजे ती ओळख हातांत असलेला कारागीर. डाख देणारा, कानस चालविणारा, हब उघडून पुन्हा मिटविणारा हात एकदां नाहींसा झाला, म्हणजे तैवानहून आलेला कोरा भागही बसविणार कोण? आपल्या गांवीं असा वृद्ध कारागीर असेल, तर माळ्यावरची सायकल खालीं काढून त्याच्याकडे न्यावी आणि बरोबर घरांतील एखादा मुलगा किंवा मुलगी न्यावी. खटका दुरुस्त होईल तो त्या दिवसापुरता. पाहणाऱ्याच्या हातीं आलेली विद्या पुढच्या खटक्यालाही उपयोगी पडेल.