खुर्शीद होमजींच्या सरस्वतीदेवी झाल्या, त्याची गोष्ट

वर्ध्यात बसून १९३६ साल म्हटलं की आपल्याला आधी शेगाव आठवतं. त्या वर्षी एप्रिलअखेर गांधीजी तिथे राहायला आले. पुढे त्याचं सेवाग्राम झालं. इथलं लक्ष्मीनारायण मंदिर तर जमनालाल बजाजांनी १९२८ मध्येच दलितांना खुलं केलं होतं. याच १९३६ मध्ये मुंबईच्या बॉम्बे टॉकीजनं ‘अछूत कन्या’ काढला. ब्राह्मणाचा मुलगा आणि रेल्वे फाटकवाल्याची दलित मुलगी यांची ती गोष्ट. देविका राणी आणि अशोक कुमार आपल्याला ठाऊक असतात. चाली कोणाच्या, हे मात्र आपण क्वचितच विचारतो. चाली होत्या सरस्वतीदेवींच्या.

हे त्यांचं पडद्यावरचं नाव. मूळच्या त्या खुर्शीद मिनोचर-होमजी, १९१२ साली जन्मलेल्या पारशी मुलगी. भातखंड्यांकडे शिकल्या, लखनौच्या मॉरिस कॉलेजातही शिकल्या. मुंबई रेडिओवर ‘होमजी भगिनी’ लोकप्रिय होत्या. तिथवर कोणाची हरकत नव्हती. पण १९३५ च्या ‘जवानी की हवा’साठी खुर्शीद आणि माणेक सिनेमात आल्या, आणि समाजातल्या काहींनी विरोध केला. हिमांशू राय यांनी नावं बदलली: एक सरस्वतीदेवी, दुसरी चंद्रप्रभा.

आपल्या संगीत नाटकाकडे पाहिलं, तर या विरोधामागचं कारण कळतं. तिथे चाली देणारे भास्करबुवा बखले, गोविंदराव टेंबे, मास्टर कृष्णराव, ऑर्गनवरही पुरुषच. बाईनं गाणं हळूहळू मान्य होत होतं, पण बाईनं चाल बांधून दुसऱ्यांना शिकवणं ही वेगळी गोष्ट होती.

आणि सरस्वतीदेवींचं निम्मं काम शिकवण्याचंच होतं. पार्श्वगायन अजून रुळलेलं नव्हतं. नट कॅमेऱ्यासमोर स्वतः गायचे, वादक चौकटीबाहेर बसायचे. अशोक कुमार तर प्रयोगशाळेतून अभिनयात आलेले. अशा गळ्याला पेलेल अशी सोपी चाल रचायची, मग ती घोटून घ्यायची. त्या चालींचा साधेपणा आपण असा समजून घ्यायला हवा. ध्रुपद-धमार शिकलेल्या बाईंनी तो जाणूनबुजून निवडला होता.

पुढे ‘कंगन’, ‘बंधन’, ‘झूला’ आले. १९८० मध्ये त्या गेल्या. ‘जीवन नैया’त अशोक कुमारांनी गायलेली त्यांची एक चाल १९६१ च्या ‘झुमरू’त किशोर कुमारांनी पुन्हा घेतली. आज ती अनेकांना किशोर कुमारांचीच वाटते. समाजाच्या रोषापायी खुर्शीद हे नाव गेलं, आणि आपल्या विसरण्यानं सरस्वतीदेवी हेही जातंय. पहिलं आपल्या हातात नव्हतं, दुसरं आहे.