‘साठी बुद्धी नाठी’ आणि मेंदूतील श्वेतद्रव्य : सातारा-सांगलीच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक :
‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण मराठी समाजात पिढ्यान्‌पिढ्या रूढ आहे. वृद्धाचे विसरणे, अडखळत चालणे, मंद होणे हा वयाचाच धर्म, असे ती गृहीत धरते. स्वातंत्र्याच्या वेळी भारतीयांचे सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते, तेव्हा साठी गाठणारेच थोडे होते. आज ते सुमारे ७० वर्षे आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार साठीपुढील ७.४ टक्के भारतीयांना, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना, स्मृतिभ्रंश आहे. म्हणून या म्हणीतील कोणते गृहीत टिकते, याचा शोध श्वेतद्रव्यविषयक ज्ञानाच्या इतिहासाच्या आधारे प्रस्तुत लेखात घेतला आहे.

दोन शोधांचा एक धागा :
मेंदूच्या पृष्ठभागावरील करड्या द्रव्यात चेतापेशी असतात. त्यांना परस्परांशी जोडणारे तंतू आतील भागात असतात. या तंतूंवरील मायलिन या स्निग्ध आवरणामुळे तो भाग पांढरा दिसतो. मायलिन हे नाव रुडॉल्फ फिर्खो यांनी १८५४ साली दिले. आवरण झिजले की संदेशवहन मंदावते.

१८९४ साली येना येथील ओटो बिन्सवांगर यांनी रक्तवाहिन्यांच्या काठिण्यामुळे श्वेतद्रव्य झिजून बुद्धिमांद्य आलेल्या रुग्णांचे वर्णन केले. योगायोगाने त्याच वर्षी डॉ. विल्यम वॉनलेस यांचे रुग्णालय मिरजेत सुरू झाले. बिन्सवांगर यांच्या या विकाराचा सूक्ष्मदर्शकीय अभ्यास १९०२ साली आलोइस आल्त्सहायमर यांनी मांडला. याच आल्त्सहायमर यांनी १९०६ साली ऑगस्टे डेटर या स्त्रीच्या मेंदूतील प्रथिनांचे थर आणि तंतूंच्या गाठी दाखविल्या व १९१० साली एमिल क्रेपेलिन यांनी त्या विकाराला आल्त्सहायमरचे नाव दिले. एकाच संशोधकाने दोन्ही विकार पाहिले. तथापि पुढील काळात लक्ष मुख्यतः करड्या द्रव्याकडे राहिले व श्वेतद्रव्य मागे पडले.

प्रतिमांकनाचे युग :
सीटी व एमआरआय तंत्रांनी हे चित्र पालटले. वृद्धांच्या मेंदूत आढळणाऱ्या श्वेतद्रव्यातील बदलांना १९८७ साली कॅनडातील व्लादिमीर हाचिन्स्की व सहकाऱ्यांनी ‘ल्युकोअरायोसिस’, म्हणजे पांढऱ्या भागाचे विरळ होणे, ही संज्ञा दिली. हे बदल वयानुसार वाढतात, निरोगी दिसणाऱ्या वृद्धांतही आढळतात. पण वयाबरोबरच त्यांचा संबंध उच्च रक्तदाबाशीही आहे. दीर्घकाळच्या दाबाने सूक्ष्म रक्तवाहिन्या जाड व कडक होतात आणि खोलवरच्या तंतूंना रक्तपुरवठा अपुरा पडतो. आल्त्सहायमर रोगात याशिवाय चेतापेशी मरू लागल्याने त्यांचे तंतूही झिजतात. उलट, मायलिनचा बिघाडच प्रथिनांच्या थरांना चालना देतो, असे २०२३ साली ग्योटिंगेन येथील संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांत दाखविले. कारण कोणते व परिणाम कोणता, हा वाद अद्याप मिटलेला नाही.

व्यवहाराच्या दृष्टीने महत्त्वाचा पुरावा २०१९ साली पुढे आला. अमेरिकेतील चाचणीत वरचा रक्तदाब १२० च्या खाली ठेवलेल्या गटात सुमारे चार वर्षांत श्वेतद्रव्यातील विकृती ०.९२ घन सेंटिमीटरने वाढली. १४० च्या खाली ठेवलेल्या गटात ती १.४५ ने वाढली. बुद्धीच्या सौम्य ऱ्हासाचे प्रमाणही पहिल्या गटात घटले. स्मृतिभ्रंशाबाबतची घट मात्र संख्याशास्त्रीय कसोटीस उतरली नाही.

सातारा-सांगलीचे वास्तव :
हे दोन जिल्हे इतिहासाने जोडलेले आहेत. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्यातील काही तालुके व विलीन संस्थानांचा प्रदेश मिळून ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला. १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. वैद्यकीय परंपरा येथे दुबळी नाही : मिरजेत १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, कराडमध्ये १९८४ पासून कृष्णा संस्थेचे. उणीव आहे ती ओळखण्याची. या भागातील कर्ती पिढी पूर्वी मुंबईच्या गिरण्यांत गेली. खानापूर-आटपाडीकडील कुटुंबे गलाई व्यवसायासाठी देशभर पसरली. गावी वृद्ध एकटे उरतात. श्वेतद्रव्याच्या विकाराची पहिली लक्षणे बहुधा विसराळूपणाची नसतात; पावले आखूड पडणे, निर्णय मंदावणे, लघवीवरील ताबा सैल होणे ही ती लक्षणे होत. रोज पाहणारे माणूसच नसेल तर ती कोण टिपणार? सणाला आलेला मुलगा ती पाहतो, तेव्हा त्यांना ‘म्हातारचळ’ म्हणून सोडून देणे सोपे असते.

समारोप :
वरील इतिहासावरून असे दिसते की म्हणीतील निरीक्षण खोटे नाही. तिने काढलेला निष्कर्ष अपुरा आहे. वय थांबविता येत नाही, परंतु रक्तदाब मोजता व आवरता येतो, आणि तो साठीनंतर नव्हे, चाळिशीतच मोजला पाहिजे. ते मोजमाप गावातील आरोग्य केंद्रातही होऊ शकते. त्यासाठी एमआरआयची गरज नाही. म्हणीवर विसंबून राहिल्यास हीच संधी हातची जाते, आणि तिची किंमत वृद्धाला व त्याला सांभाळणाऱ्या घराला मोजावी लागते.