दमा, दम आणि कंट्रोल

'दमा' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. फारसीत 'दम' म्हणजे श्वास. एकदम, हरदम, बेदम, दमदार ही सगळी त्याच घरातली मंडळी. मराठीने हा श्वास चांगलाच राबवला. आपण दम खातो, दम घेतो, दुसऱ्याला दमही देतो आणि शेवटी आपलीच दमछाक होते. गंमत अशी, की संस्कृतात आणखी एक दम आधीपासून होता: 'शमदम'मधला, म्हणजे स्वतःला आवर घालण्याचा. दोघांचे कूळ वेगळे, पण मराठीत येऊन ते असे मिसळले की 'जरा दम धर' म्हणताना श्वास धरायचा की मन आवरायचे, हे बोलणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

त्याआधी वैद्यांकडे 'श्वास' होता. चरकसंहितेत श्वासाचे पाच प्रकार आहेत. त्यांतला दम्याशी जुळतो तो तमकश्वास. तम म्हणजे अंधार, डोळ्यांपुढे येणारी अंधारी. आडवे झाले की त्रास वाढतो, उठून बसले की बरे वाटते, ढगाळ आणि थंड हवेत जोर चढतो, असे वर्णन तिथे आहे. मोजमाप नाही, पण रात्रीचा प्रश्न वैद्याने बरोबर हेरला होता.

आज दवाखान्यात हाच प्रश्न आकड्यांत विचारतात. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या 'अस्थमा कंट्रोल टेस्ट'मध्ये गेल्या चार आठवड्यांबद्दल पाच प्रश्न आहेत: कामात अडथळा आला का, दम किती वेळा लागला, त्रासामुळे रात्री किंवा पहाटे जाग आली का, तातडीचे औषध किती वेळा लागले, आणि तुमच्या मते दमा कितपत काबूत आहे. प्रत्येकाला एक ते पाच गुण. बेरीज २० किंवा जास्त असेल तर ठीक, १९ किंवा कमी असेल तर औषधयोजना पुन्हा तपासायची.

मराठी माणूस अडखळतो तो 'दम लागणे'पाशी. जिना चढल्यावर लागतो तोही दम, बस पकडताना लागतो तोही दमच. 'वय झालं, लागायचाच' म्हणून तो हिशेबात धरला जात नाही. 'धाप लागते का, छातीतून सुं सुं आवाज येतो का' असे विचारले की उत्तर बदलते. माझ्या मते प्रश्नावलीच्या मराठी रूपात हे दोन शब्द असायलाच हवेत.

राहिला 'कंट्रोल'. जुन्या फ्रेंचमध्ये याचा अर्थ लगाम नव्हता, वही होता. हिशेबाची जी दुसरी गुंडाळी ठेवून मूळ नोंदी तिच्याशी ताडून पाहायच्या, ती 'प्रति-गुंडाळी', म्हणजे पडताळ्याची वही. हुकमत हा अर्थ मागाहून चिकटला. आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धात रेशनिंग आले आणि 'कंट्रोलचं धान्य' घराघरांत बोलले जाऊ लागले. पुस्तकी 'नियंत्रण' मात्र 'यम्' धातूवरचे, म्हणजे आवरून धरणे. प्राणायामातला आयामही त्याच धातूचा. तरी दम्याच्या बाबतीत मला फ्रेंच वहीच जवळची वाटते. पीक फ्लो मीटरमध्ये जोराने फुंकून मिनिटाला किती लिटरच्या वेगाने हवा बाहेर पडली ते रोज लिहून ठेवणे, हा शब्दशः पडताळाच आहे.

पण पाचव्या प्रश्नाला रुग्ण वहीतून उत्तर देत नाही. 'पंप घेतला की लगेच बरं वाटतं, म्हणजे कंट्रोलमध्येच आहे,' असे तो सांगतो. परीक्षेचे म्हणणे नेमके उलटे. तात्पुरता आराम देणारा पंप आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा घ्यावा लागत असेल, तर दमा पुरेसा काबूत नाही, असे जागतिक मार्गदर्शक सूचना मानतात. अशा वेळी चौथ्या प्रश्नाचे उत्तर आधी वाचावे, पाचव्याचे नंतर.