प्युरिटन उपदेश : ईश्वराचा क्रोध आणि दया

अमेरिकेतील ब्रिटिश वसाहतींचा धार्मिक इतिहास वाचताना एका प्रवचनाचा उल्लेख हमखास येतो. 8 जुलै 1741 रोजी न्यू इंग्लंडमधील एन्फिल्ड या गावी जोनाथन एडवर्ड्स (1703–1758) यांनी 'संतप्त ईश्वराच्या हाती सापडलेले पापी' या विषयावर प्रवचन केले. त्यातला आगीवर धरलेला कोळी तेवढा आपल्या लक्षात राहतो आणि प्युरिटन उपदेश म्हणजे निव्वळ धमकी, असा समज होतो. हा समज कितपत बरोबर आहे, ते पाहू.

प्रथम रचना समजून घ्या. प्युरिटन प्रवचनाची चौकट ठरलेली असे. इंग्लंडमधील विल्यम पर्किन्स यांनी सोळाव्या शतकाच्या अखेरीस तिची रीत ग्रंथरूपाने मांडली होती : आधी बायबलमधील वचन व त्याचा अर्थ, मग त्यातून निघणारा सिद्धान्त आणि शेवटी तो श्रोत्यांच्या जीवनाला लागू करणे. भाषा साधी, सर्वांना कळेल अशी.

प्युरिटन परंपरेचे वारसदार असलेल्या एडवर्ड्स यांनी हीच चौकट वापरली. वचन घेतले ते 'अनुवाद' या पुस्तकातील (32:35), पाय घसरण्यासंबंधीचे. सिद्धान्त असा : पापी माणूस या क्षणी नरकाबाहेर आहे, तो आपल्या आरोग्यामुळे, सावधगिरीमुळे वा पुण्याईमुळे नव्हे, तर केवळ ईश्वराच्या मर्जीमुळे. येथे थोडे थांबा. ज्या हाताची भीती दाखवली जाते, त्याच हाताने श्रोत्याला धरून ठेवले आहे. म्हणूनच शेवटच्या भागात एडवर्ड्स सांगतात की दयेचे दार आज उघडे आहे, शेजारच्या सफिल्ड गावचे लोक रोज ख्रिस्ताकडे येत आहेत, मग तुम्हीच मागे का? थोडक्यात, भीती हे साधन होते, पश्चात्ताप हे साध्य.

परिणाम मात्र वक्त्याच्या हाती नसतो. तेथे हजर असलेले धर्मोपदेशक स्टीफन विल्यम्स यांच्या रोजनिशीनुसार, प्रवचन संपण्याआधीच सभागृहात इतका आक्रोश झाला की एडवर्ड्स यांना थांबावे लागले.

भीतीची दुसरी बाजू त्यांनी स्वतः पाहिली होती. 1735 मध्ये त्यांच्या नॉर्थॅम्प्टन गावात धर्मजागृतीची लाट असताना त्यांच्या मावशीचे यजमान जोसेफ हॉली यांनी आत्म्याच्या चिंतेने खचून आत्महत्या केली. एडवर्ड्स यांनी ही घटना लपवली नाही, आपल्या वृत्तान्तात नोंदवली. परंतु तिचे कारण त्यांनी हॉलींच्या विषण्ण प्रकृतीत आणि सैतानाच्या कारवाईत शोधले, उपदेशात नाही.

तरीही सहा वर्षांनी एन्फिल्डचे प्रवचन का? त्यांचे उत्तर त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका व्याख्यानात मिळते : पेटत्या घरात मूल बेफिकीर बसले असेल, तर आईबाप हळू आवाजात बोलतील का? नरक खरा मानला की हा युक्तिवाद सुसंगत वाटतो. पण दार दिसण्याआधीच ज्याचे पाय गळाले, त्याचे काय, याचे उत्तर त्यात नाही.

अभ्यास करताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. याच एडवर्ड्स यांनी 1738 मध्ये प्रेम या विषयावर प्रवचनमाला दिली आणि तिचा शेवट स्वर्ग म्हणजे प्रेमाचे जग, या विचाराने केला. एका प्रवचनावरून संपूर्ण परंपरा ठरवू नका; आणि परंपरा समजून घेताना हॉलींनाही विसरू नका.